तिथीवरून भरती काढताना: पाऊणपटीचा हिशेब

कोकणात मोबाइलला रेंज नसली तरी भिंतीवरच्या कॅलेंडरवरून भरतीची वेळ काढता येते. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९ वाजता पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. पंचांगात अमावास्येला ३० छापलेलं असतं, तिथे १५ धरा.

पौर्णिमेला या हिशेबाने सव्वाअकरा येतात, पण मुंबई-अलिबागकडे पाणी बाराच्या सुमारास भरतं. भरती दर तिथीला साधारण ४८ मिनिटं पुढे सरकते आणि पाऊणपटीत आपण ४५ धरतो. पंधरा तिथींत तीन-तीन मिनिटांची पाऊण तास चूक साठते. म्हणून दशमीनंतर सरळ ४८ ने गुणा. एवढं करूनही अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच.

ओहोटी भरतीनंतर सव्वासहा तासांनी. पंचमीला पहाटे पावणेचारला भरती, म्हणजे दहाला पाणी सगळ्यात खाली.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ही ओहोटीची वेळ महत्त्वाची. तिच्या दीड तास आधी निघा आणि पाणी वळल्यावर तासाभरात किनाऱ्याला परत या. उशीर का नको? पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर सहा तासांत ते १, २, ३, ३, २, १ असे येतात. उधाणाला चार मीटरचा चढ असेल तर तिसऱ्या तासातच मीटरभर पाणी वाढतं, आणि वाळूतले सखल पट्टे आधी भरतात. पुढे वाळू कोरडी दिसते, तोवर मागे गुडघाभर पाणी झालेलं असतं.

अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा ओहोटीलाही पाणी पुरतं हटत नाही. किल्ल्यासाठी तो दिवस टाळा. पाणी सर्वांत लांब जातं ते पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी.

हे गणित मुंबईच्या आसपासचं. मालवण-गोव्याकडे भरती आधी येते आणि चढही कमी असतो. खंबातच्या आखातात तर ते चालतच नाही: आखात उत्तरेला चिंचोळं होत जातं, पाणी कोंडून भावनगरला चढ दहा मीटरच्या घरात जातो आणि भरतीही कितीतरी उशिरा लागते. तिथे बंदरावरचा भरतीचा तक्ताच बघा.