सवलतीची पत्रं ताडून बघताना

थोरलीच्या वेळी पहिल्या वर्षाची सवलत बघून कॉलेज ठरवलं आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण फी भरावी लागली. म्हणून आपल्या कर्नाटकातल्या सीमाभागातल्या पालकांच्या हातात बेळगाव, हुबळी, कोल्हापूर इथल्या कॉलेजांची फी-सवलतीची दोन-तीन पत्रं असतील तर आधी हेच विचारा: सवलत किती वर्षांची? चारही वर्षं असेल तर कशावर? सीजीपीए किती लागतो, एखादा विषय राहिला तर जाते का? फी वाढली तर सवलत वाढते की रक्कम तीच राहते? उत्तर ईमेलवर घ्या. ॲडमिशनच्या टेबलावर 'मिळते हो दरवर्षी' असं कुणीही सांगतं, ते धरू नका.

मार्कलिस्ट, आधार, पासबुक सगळे नेतातच. जात-उत्पन्नाचे दाखले मात्र नाडकचेरीतून (कर्नाटकातलं महसूल कार्यालय) लवकर काढा. एसएसपीवर (कर्नाटक सरकारचं शिष्यवृत्ती पोर्टल) अर्ज भरताना त्यांच्यावरचा आरडी नंबर लागतो, आणि ॲडमिशनच्या दिवसांत तिथे उभं राहायला जागा नसते. दाखल्यावरचं कन्नडमधलं नाव आधारशी अक्षर न् अक्षर जुळतंय का, तिथेच बघा.

महाराष्ट्रात घालायचं असेल तर आपलं गाव सीमाभागातल्या ८६५ गावांत आहे का बघा. तिथल्या सीईटी प्रवेशात आपल्या मुलांसाठी टाइप-ई नावाचा वेगळा गट आहे. सीमाभागातल्या रहिवासाचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. पण प्रवेश मिळाला म्हणजे तिथली शिष्यवृत्ती मिळाली असं नाही, तिचे नियम वेगळे वाचा. आणि मिळालीच तर पुन्हा तेच: दुसऱ्या वर्षी काय? रिन्यूअलचा अर्ज कधी, कुठे?

बेरीज चार वर्षांची करा. फी, हॉस्टेल, मेस, परीक्षा फी, बसपास. वजा करायचे ते फक्त परत न फेडायचे पैसे. कर्ज हे कर्ज आहे. ते मदतीत मोजून दाखवतात तेव्हा फार राग येतो. मुलींसाठीची एआयसीटीईची (तांत्रिक शिक्षणाची केंद्रीय परिषद) प्रगती शिष्यवृत्ती, वर्षाला ५०,००० रुपये, ही कॉलेजची देणगी नव्हे. मान्यता असलेल्या दुसऱ्या कॉलेजातूनही तिला अर्ज करता येतो, त्यामुळे तुलनेत ती एकाच कॉलेजच्या नावावर मांडू नका.

कर्ज लागलंच तर केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्जाचं विद्यालक्ष्मी पोर्टल बघा. साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजना आहे, बँकेने तारण मागितलं तर तिचं विचारा.

दुसऱ्या वर्षाचं उत्तर ईमेलवर आल्याशिवाय सीटचे पैसे भरू नका. डिपॉझिट कधी परत मिळतं ते विचारा, पावती घ्या, मूळ कागद देण्याआधी झेरॉक्स काढा.