व्हायोलिनचा क्लास, घर आणि मे महिना

घरी स्वतःचा व्हायोलिनचा क्लास सुरू करायचा म्हणून विचारायला येणाऱ्या मुलींचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा फीचा असतो. मी उलट विचारते, "संध्याकाळी साडेचार ते आठ तुमच्या घरात काय चालू असतं?" आपल्या कामाची खरी अडचण त्या साडेतीन तासांत आहे. मुलं शाळेतून सुटून शिकायला येतात ती याच वेळात, आणि आपली स्वतःची मुलं दप्तर टाकून "आई, भूक लागली" म्हणतात तीही याच वेळात. शनिवार-रविवारचं तेच. बाकीची घरं मोकळी होतात तेव्हा आपलं घर कामाला लागतं.

मी पुण्यात राहत्या घरी १४ वर्षं शिकवते आहे. घरात नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. सध्या २४ विद्यार्थी आहेत, बहुतेक ८ ते १६ वयाचे. पहिल्या वर्षीच्या एप्रिलअखेर माझ्याकडे ९ मुलं होती. एक मामाकडे गेला, एकीच्या घरी लग्न निघालं, दोघं पोहण्याच्या क्लासला लागले. जूनमध्ये चारच परत आली आणि त्या चौघांचाही हात पार सुटला होता. मी घाबरले. पुढच्या वर्षी घाबरूनच निर्णय घेतला, पूर्ण मे महिनाभर उन्हाळी शिबिर. सकाळी एक तुकडी, संध्याकाळी एक, मिळून २२ मुलं. गुहागरला माहेरी जायचं रद्द केलं.

तेव्हा लेक सहा वर्षांची होती. शिबिराच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री आठ वाजता शेवटचं मूल गेलं, मी तारांवर फिरवायचे गज ढिले करून पेटीत ठेवत होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती सकाळपासून तुला काहीतरी दाखवायला थांबलीय." लेक जेवणाच्या टेबलाखाली बसल्या बसल्या झोपली होती. मुठीत काड्यापेटी होती. त्यात कापसावर ठेवलेला तिचा पडलेला पहिला दात होता. दात सकाळी दहाला पडला होता. तिने मधल्या वेळात दोनदा दारातून डोकावलं होतं आणि दोन्ही वेळा मी हातानेच "थांब" म्हटलं होतं, हे मला तेव्हा आठवलं.

त्या शिबिरातून पुढे शिकायला किती राहिले? तीन. आणि त्या तिघांच्या सवयी मोडायला मला दिवाळीपर्यंत वेळ लागला. हे नव्यांनी नीट समजून घ्यावं. व्हायोलिनवर सतारीसारखे पडदे नसतात, सूर कुठे आहे ते कानाने शोधायचं असतं. नव्या मुलाचा पहिला महिना बैठक, गजाची पकड आणि मोकळ्या, म्हणजे बोट न ठेवलेल्या, तारांवर गज सरळ चालवणं यातच जातो. आपण मांडी घालून बसतो, वाद्याचं डोकं उजव्या पावलावर टेकवतो. लहान मुलाला या बैठकीत दहा मिनिटं स्थिर बसायलाच पंधरा दिवस लागतात. शिबिराच्या शेवटी पालकांना एक गाणं ऐकवायचं असतं, म्हणून मी फिंगरबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या पट्टीवर, रंगीत चिकटपट्ट्या लावून दिल्या. मुलं पट्ट्या बघून वाजवू लागली. डोळे तयार झाले, कान राहून गेला. तेव्हापासून मे महिन्यात मी नवीन मूल घेत नाही. नव्यांना प्रवेश शाळा सुरू होऊन घडी बसली की, जूनच्या शेवटी.

आता माझा मे असा असतो. पहिले दहा दिवस क्लास, फक्त जुन्या मुलांचा आणि फक्त सकाळी साडेसात ते साडेदहा. मग अठरा दिवस पूर्ण बंद. महिन्याच्या शेवटी तीन दिवस सगळ्यांना एकेकदा बोलावून हात परत जागेवर आणायचा. या तारखा मी जानेवारीतच ठरवते आणि संक्रांतीच्या सुमारास सगळ्या पालकांना लिहून पाठवते. रेल्वेची तिकिटं लोक दोन-दोन महिने आधी काढतात, आपण एप्रिलमध्ये तारखा सांगितल्या तर उपयोग नाही.

फीचाही प्रश्न इथेच सुटतो. सुरुवातीला मी महिन्याची फी घ्यायचे. मग मे महिना आला की "आम्ही दहाच दिवस येणार, तर अर्धी देऊ का?" अशी बोलणी, आणि मला संकोच. आता हिशोब वर्षाचा आहे. ५२ आठवड्यांतून मे महिन्याचे ३, दिवाळीचे २, गणपतीचा १, शाळेच्या परीक्षांचे २ आणि आजारपण-लग्नकार्याचे २ वजा केले की ४२ उरतात. आठवड्याला दोन तास, म्हणजे वर्षाला ८४. त्या ८४ तासांची फी चार समान हप्त्यांत. मे महिना त्यात आधीच धरलेला असतो, त्यामुळे कुणी कुणाचं देणं लागत नाही. वर्षाच्या सुरुवातीला हे स्पष्ट बोलायला धीर लागतो, पण एकदाच लागतो.

सकाळच्या त्या दहा दिवसांबद्दल मात्र मला जास्त सांगायचं आहे, कारण शिकवण्याच्या दृष्टीने ते वर्षातले सर्वांत मोलाचे दिवस आहेत. आपली मुलं वर्षभर संध्याकाळीच येतात. मग संध्याकाळचेच राग, भूप, यमन, फार तर दुर्गा. पाच-पाच वर्षं शिकलेली मुलं मी अशी पाहिली आहेत की ज्यांनी सकाळचा राग त्याच्या वेळेला कधी वाजवलेलाच नाही. मे महिन्यात साडेसातच्या तुकडीला मी भैरव देते. कोमल रिषभावर, म्हणजे उतरलेल्या 'रे'वर, बोट नुसतं ठेवायचं नाही, ते हलत राहायला हवं, हे सकाळच्या शांततेत मुलांना पटकन ऐकू येतं. संध्याकाळी खाली गाड्यांचे हॉर्न वाजत असतात तेव्हा तेच दहा वेळा सांगावं लागतं.

दहाच्या सुमाराला ऊन चढलं की वृंदावनी सारंग घेते. तशी त्या रागाची वेळ दुपारची, पण दुपारी मुलांना बोलावता येत नाही. शाळेत पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेली काही मुलं माझ्याकडे येतात, त्यांचं वाद्य जी-डी-ए-ई या चार सुरांतच लावलेलं असतं. त्यात डी हा षड्ज, म्हणजे सा, धरला तर चार मोकळ्या तारा होतात मंद्र मध्यम (खालचा म), षड्ज, पंचम (प) आणि तार रिषभ (वरचा रे). चारही सूर सारंगाचे! एका तारेवर बोट नीट पडलं की शेजारची मोकळी तार आपोआप बोलते, सगळं वाद्य घुमतं. मागच्या वर्षी एक अकरा वर्षांचा मुलगा रिषभ लावताना मध्येच थांबला आणि म्हणाला, "ताई, मी ही तार वाजवलीच नाही, तरी ती हलतेय." मी त्याला तारेवर कागदाचा बारीक तुकडा घडी घालून ठेवायला सांगितला. सूर नेमका लागला की तुकडा थरथरतो, बेसूर झाला की नुसता बसून राहतो. त्या दिवशी तो घरी जायलाच तयार नव्हता. चिकटपट्ट्यांनी जे झालं नाही ते त्या कागदाच्या कपट्याने केलं.

सुट्टीवर जाताना मुलांना गृहपाठ काय द्यावा? मी फार देत नाही. वाद्य सोबत नेणार असतील तर रोज पंधरा मिनिटं, त्यातली पहिली पाच मोबाइलवर तानपुरा लावून नुसत्या मोकळ्या तारांवर लांब गज, मग दोन अलंकार, म्हणजे ठरावीक क्रमाने सूर वाजवायचे सराव. नेणार नसतील तर तेच अलंकार गाऊन. गायकी अंगाने, म्हणजे गाण्यासारखं, वाजवायचं तर आधी गळ्यात यायला हवंच. प्रवासात, आंब्याच्या झाडाखाली, कुठेही गाता येतं.

वाद्य नेणाऱ्यांना मात्र मी उन्हाबद्दल दटावून सांगते. व्हायोलिनची लाकडं सरसाने जोडलेली असतात आणि तो उष्णतेने मऊ पडतो. एकदा एका विद्यार्थिनीने प्रवासात वाद्य गाडीच्या डिकीत ठेवलं. दुपारी जेवायला थांबले, गाडी दीड तास उन्हात. जूनमध्ये पेटी उघडली तर पाठीची कड एका बाजूने उकललेली, तारा ज्यावर टेकतात ती घोडी पडलेली आणि आत साउंडपोस्ट, म्हणजे आधाराची लाकडी काडी, खडखडत होता. ती पोर रडत होती आणि तिचे बाबा मला विचारत होते की फेव्हिकॉल चालेल का. नाही चालणार. तो जोड पुढे कधी तरी उघडता यायला हवा, म्हणून वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडेच द्यायचं. आणि चूक माझीही होती, मी आधी सांगितलंच नव्हतं.

हवाही बदलते. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये तारा पिळायच्या खुंट्या आक्रसतात आणि सटकतात, तार लावली की परत उतरते. तेच वाद्य कोकणात नेलं की दमट हवेने खुंट्या फुगून घट्ट बसतात. मुलं जोर लावून पिरगाळतात आणि तार तुटते, म्हणून बारीक फरक मी फाइन ट्यूनरनेच, म्हणजे तारेच्या टोकाच्या छोट्या स्क्रूनेच, करायला शिकवते. दमट हवेत गजाचे केसही सैल पडतात, ते ओढून घट्ट केले आणि पुण्यात परतल्यावर तसेच ठेवले तर गजाची काडी वाकते. वाजवून झालं की गज ढिला करायचा, हा नियम बाराही महिने. पेटीत एक जादा तार आणि रोझिन, म्हणजे गजाला लावायची राळ. बस, एवढंच सामान.

परीक्षांचं थोडक्यात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा वर्षातून दोनदा असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. लहान मुलांना मी दुसऱ्या सत्रालाच बसवते. एप्रिलमध्ये शाळेची वार्षिक परीक्षा, त्यात ही, आणि वरून माझ्या स्वतःच्या मुलांचा अभ्यास, यात कुणाचंच धड होत नाही. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतात म्हणून घाई करणारे पालक भेटतील. त्यांची काळजी खोटी नाही, पण प्रारंभिक या पहिल्या परीक्षेपासून मध्यमापर्यंतचा रस्ता दोन वर्षांत उरकायचा नसतो. तेवढं ठामपणे सांगा. एखादं मूल दुसरीकडे गेलं तर जाऊ द्या.

घराचं म्हणाल तर दाताच्या त्या प्रसंगानंतर मी तीन गोष्टी बदलल्या. बुधवार संध्याकाळ क्लास नाही, कितीही मोठी यादी असली तरी. रोज साडेपाच ते सहा मध्ये अर्धा तास मोकळा, तेव्हा मुलांबरोबर बसून खाणं. आणि क्लासच्या खोलीचं दार लावलेलं असलं तरी माझ्या मुलांना ते ढकलून आत यायची मुभा, "काय झालं?" एवढं विचारायला मला दहा सेकंद लागतात. शिकणाऱ्या मुलांचं त्याने काही बिघडत नाही. सासूबाई आल्या-गेल्याचं बघतात, पालकांना पाणी देतात, पण क्लास त्यांच्यावर सोपवून मी कधी निघून जात नाही. त्यांची संध्याकाळ त्यांची आहे, साडेसहाला त्या देवळात जातात.

आपल्या मुलांना आपण शिकवावं का, हे सगळ्याच विचारतात. व्हायोलिनवादक एन. राजम यांनी बनारस हिंदू विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवलं, मैफली केल्या, आणि त्यांची लेक संगीता शंकर, नाती रागिणी आणि नंदिनी, तिघीही व्हायोलिन वाजवतात. हे ऐकून मला फार वाटायचं की आपल्याही घरात असंच व्हावं. लेकीला मी तीन वर्षं शिकवलं. पण तिचा तास नेहमी सगळ्यांच्या शेवटी, मी दमलेली असताना, आणि दुसऱ्याच्या मुलाला ज्या चुकीवर मी हसून समजावते त्याच चुकीवर तिला ओरडायचे. आता ती दुसऱ्या गुरूंकडे तबला शिकते आणि मेमध्ये गुहागरला मला ठेका धरते. मुलगा काहीच शिकत नाही, पण स्वयंपाकघरात भेंडी चिरताना माझ्याकडच्या मुलांचे अलंकार तो बिनचूक गुणगुणतो. शिकवायचंच असेल तर त्यांना यादीतला पहिला तास द्या, उरलेला नको.

आणि स्वतःचा रियाज. सगळ्यात आधी बळी जातो तो हाच. रोज तासन्तास मुलांचे पलटे, म्हणजे तेच ते सराव, ऐकून आपला हातही त्याच पलट्यांचा होऊन जातो. मी पहाटे साडेपाच ते पावणेसात वाजवते, घोडीवर आवाज दाबणारा म्यूट लावून, म्हणजे शेजारीही झोपतात आणि घरही. वर्षातून निदान दोन महिने तरी हे मोडतं, मुलांच्या परीक्षा असल्या, कुणी आजारी पडलं की. तेव्हा वीस मिनिटं, पण वाद्य पेटीतून बाहेर काढायचंच.

तो तुटलेला धागा मी मेच्या त्या अठरा दिवसांत जोडते. माहेरच्या पडवीत सकाळी सातला सतरंजी टाकते, म्यूट काढून ठेवते. गेल्या वर्षी अठराही दिवस फक्त तोडी हा सकाळचा राग घेतला. पहिले चार दिवस कोमल गंधार, म्हणजे उतरलेला ग, हाताला लागेना, वर्षभर शुद्ध गंधार शिकवून बोट तिकडेच जात होतं. पाचव्या दिवशी बाबा आतून चहा घेऊन आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, "आता बरोबर आहे, कालपर्यंत चढा होता." ते गात नाहीत, वाजवत नाहीत, आयुष्यभर नुसतं ऐकत आले आहेत. परत आल्यावर मेच्या शेवटच्या त्या तीन दिवसांत मी मोठ्या मुलांना तोच गंधार ऐकवला, आणि बाबांचं वाक्यही सांगितलं.