पुस्तकासोबत खलबत्ताही द्या

नऊ ते बारा वर्षांचं मूल इंग्रजी वाचत असेल आणि सारखं ओट्यापाशी घुटमळत असेल, तर त्याला वीरा हिरानंदानी यांचं ‘द नाइट डायरी’ (2018) नक्की द्या. काळ 1947 चा, गाव सिंधमधलं मीरपूर खास. बारा वर्षांची निशा फारशी कुणाशी बोलत नाही. घरचा स्वयंपाकी काझी तिला वही देतो आणि त्या वहीत ती आपल्या हयात नसलेल्या आईला पत्रं लिहिते. काझीशेजारी भाजी चिरताना मात्र ती खुलते. फाळणीत घर सुटतं, काझी मागे राहतो, त्याचा खलबत्ता तिच्यासोबत जातो. तिथवर वाचून झालं की मुलाच्या हाती घरचा खलबत्ता द्या, चमचाभर भाजलेलं जिरं कुटू द्या. वास दरवळला की निशा त्याला जवळची वाटेल. वाटेतल्या तहानेची प्रकरणं जड आहेत. ती सोबत बसूनच वाचा.

केक-बिस्किटांची आवड असेल तर रजनी लारोका यांचं ‘मिडसमर्स मेहेम’ (2019) आहेच: भारतीय-अमेरिकी मिमी, बेकरीची स्पर्धा, थोडी जादू. हलकंफुलकं आहे, म्हणून मी ते नेहमी नंतर देते.