मेडिसिनच्या पोस्टिंगआधी: रक्तस्राव, गुठळ्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या

कोॲग्युलेशन कॅस्केड (रक्त गोठण्याच्या पायऱ्यांचा क्रम) पाठ असेल तर उत्तमच, पण वॉर्डात तो तक्ता कुणी म्हणून घेत नाही. रिपोर्ट हातात ठेवतात. पीटी आणि एपीटीटी म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या दोन चाचण्या. नुसता पीटी वाढला तर फॅक्टर (गोठवणारं प्रथिन) ७, नुसता एपीटीटी वाढला तर ८, ९, ११, आणि दोन्ही वाढले तर लिव्हर, डीआयसी (शरीरभर गुठळ्या होऊन फॅक्टर संपून जाणं) किंवा वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी), एवढं झोपेतही सांगता यायला हवं. फॅक्टर १२ कमी असला की एपीटीटी लांबतो, पण रक्तस्राव होत नाही. परीक्षकांचा हा लाडका प्रश्न.

हिस्ट्रीत हिरड्या, नाक, पाळी आणि त्वचेवरचे ठिपके विचारा. रोख प्लेटलेट किंवा व्हॉन विलब्रँड आजाराकडे (प्लेटलेट चिकटवणाऱ्या प्रथिनातला दोष) जातो. मुलाचा गुडघा वारंवार सुजत असेल तर मामांची चौकशी हवीच, कारण हिमोफिलिया (फॅक्टर ८ किंवा ९ ची कमतरता) आईकडून येतो. अर्थात घरात कुणालाच नसलं म्हणून तो नाकारता येत नाही.

निळ्या टोपणाची ट्यूब एकदा स्वतः भरून बघा. त्यात ३.२ टक्के सायट्रेट असतं, एका भागाला रक्त नऊ भाग. खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त पडतं आणि पीटी-एपीटीटी उगाच लांबलेले येतात. पोस्टिंग ग्रामीण रुग्णालयात असेल तर घोणस चावल्यावरची २० मिनिटांची चाचणीही शिकून घ्या: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली ताजं रक्त, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग एकदाच तिरकी करायची. नळी प्लास्टिकची नको, साबणाने धुतलेलीही नको. त्यात निरोगी माणसाचं रक्तसुद्धा नीट गोठत नाही. रक्त गोठलंच नाही तर उपाय सर्पविषरोधक लस, हेपरिन (गुठळ्या रोखणारं इंजेक्शन) नाही.

वॉरफरिन किंवा त्याच जातीच्या ॲसिट्रॉमवर मात्र खरा वेळ घाला. या गोळ्या नवे फॅक्टर नीट बनू देत नाहीत, पण रक्तातले जुने संपायला वेळ लागतो: फॅक्टर ७ चं अर्धायुष्य जेमतेम ६ तास, प्रोथ्रॉम्बिनचं (फॅक्टर २) ६० च्या आसपास. त्यामुळे आयएनआर (पीटीचं प्रमाणित माप) दोन-तीन दिवसांत वर जातो, पण पेशंट अजून सुरक्षित नसतो. ताज्या डीव्हीटीत (खोल शिरेतली गुठळी) म्हणूनच हेपरिन किमान ५ दिवस आणि आयएनआर २ च्या वर २४ तास टिकेपर्यंत सोबत चालू ठेवतात. लक्ष्य साधारण २ ते ३, मायट्रलच्या धातूच्या झडपेला २.५ ते ३.५. मेट्रोनिडॅझोल, कोट्रायमॉक्सॅझोल, फ्लुकोनॅझोल आयएनआर चढवतात. टीबीचं रिफाम्पिसिन तो पाडतं. मेथी-पालक बंद करायला सांगू नका, प्रमाण सारखं ठेवा म्हणा.

‘नव्या गोळ्या (रिव्हारोक्सॅबॅन, डॅबिगाट्रान) का नाहीत, सर?’ असं विचारण्याआधी झडप बघा. धातूच्या झडपेत त्या चालत नाहीत, आणि संधिवाताच्या हृदयविकारातल्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे अनियमित ठोके) २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत रिव्हारोक्सॅबॅनपेक्षा वॉरफरिनसारख्या जुन्या गोळ्याच सरस ठरल्या.

उतारे तेवढे वहीत लिहून ठेवा: हेपरिनला प्रोटामिन, वॉरफरिनला व्हिटॅमिन के आणि मोठ्या रक्तस्रावात सोबत पीसीसी (फॅक्टरांचं इंजेक्शन), डॅबिगाट्रानला इडारुसिझुमॅब. हेपरिन सुरू केल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसांत प्लेटलेट निम्म्यावर आल्या तर आधी हेपरिन थांबवा, मग युनिटला फोन करा.