व्याख्यानमाला सुरू करायचीय? वक्त्याला फोन लावायच्या आधी हे वाचा

सोसायटी असो, वाचनालय असो, नाहीतर कॉलेजचा जुना ग्रुप, व्याख्यानमालेची कल्पना निघाली की पहिल्याच मीटिंगमध्ये सगळे नावं सुचवायला लागतात. अमक्याला बोलवू, तमका माझ्या ओळखीचा आहे. मला विचाराल तर नावांची यादी नंतर. मोठं नाव आणलं की पहिला कार्यक्रम हाउसफुल्ल होतो, नाही असं नाही, पण ती गर्दी त्या माणसासाठी आलेली असते आणि पुढच्या महिन्यात तुम्ही जुन्या नकाशांवर किंवा झोपेच्या विज्ञानावर कोणाला बोलवलंत की त्यातलं कोणी फिरकत नाही. वेगवेगळ्या विषयांची माला चालते ती लोकांना मालेचीच खात्री वाटायला लागल्यावर, म्हणजे "विषय काय आहे बघितलं नाही, पण जाऊन बसू, तिथे वेळ फुकट जात नाही" असं घरात कोणीतरी म्हणायला लागलं की. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या खात्रीसाठी.

आधी वार आणि वेळ पक्की करा

तारीख नको, वार ठरवा. "महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी ६" हे लोकांच्या डोक्यात बसतं, "१४ तारखेला आहे, पुढचा बहुतेक ९ ला" हे बसत नाही. ज्या माला टिकल्या त्यांचं वेळापत्रक लोकांना पाठ झालेलं असतं. लंडनचं ग्रेशम कॉलेज १५९७ पासून सर्वसामान्य लोकांसाठी मोफत व्याख्यानं ठेवतंय, आणि आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती दरवर्षी त्याच मोसमात भरते म्हणून लोक ती गृहीत धरतात. वक्त्याच्या सोयीसाठी वार हलवायचा मोह होईलच, पण तो टाळा, वक्ता पुढच्या महिन्यात घ्या. परीक्षा, सणवार आणि मोठ्या मॅचेस मात्र कॅलेंडरवर आधीच बघून घ्या, फायनलच्या संध्याकाळी तुमच्याकडे कोणीही येणार नाहीये.

महिन्यातून एक की सलग आठवडाभर? सलग केलं तर हॉल, माइक, जाहिरात सगळं एकदाच करावं लागतं, उत्सवासारखं वातावरणही येतं, पण दुसऱ्या दिवशी लक्षात आलेली चूक तिसऱ्या दिवशी सुधारायला वेळच नसतो. नवीन असाल तर मासिकच करा, आणि आयुष्यभराची घोषणा करण्यापेक्षा सहा व्याख्यानांचा एक हंगाम जाहीर करा. पहिली तीन पूर्ण पक्की झाल्याशिवाय पहिल्याचं पोस्टर काढू नका.

माणसं कमी, कामं स्पष्ट

चारपाच जण पुरे. वक्त्यांशी बोलणारा एकच माणूस, हॉल आणि माइकचा एक, प्रसिद्धीचा एक, हिशेबाचा एक. वक्त्याला समितीतल्या तिघांचे तीन फोन जाऊन तिघांनी तीन वेळा सांगितल्या असं फार होतं, म्हणून तो "एकच माणूस" वाला नियम मोडू नका.

विषय बारीक करा

"पर्यावरण", "आरोग्य", "शिक्षण आणि समाज" हे विषय नव्हेत, ही कपाटं आहेत, त्यात काय ठेवलंय ते कोणालाच कळत नाही. वक्त्याने "पर्यावरणावर बोलतो" म्हटलं की त्याच्याशी पंधरा मिनिटं फोनवर बोलून तो विषय एका प्रश्नावर आणा. "आपल्या नळाचं पाणी कुठून येतं आणि वाटेत त्याचं काय काय केलं जातं?" हा विषय झाला. "आरोग्य" ऐवजी "अँटिबायोटिकचा कोर्स स्वतःच्या मनाने मध्येच का सोडू नये?", "कायदा" ऐवजी "मृत्युपत्र करताना लोक नेमकं काय विसरतात?". पोस्टरवर हाच प्रश्न मोठा आणि वक्त्याच्या पदव्या बारीक.

हंगामाचे सहा विषय एका कागदावर शेजारीशेजारी मांडून बघा. सगळे आरोग्याचे झालेत का? सगळे निवृत्त लोकांसाठीच वाटतायत का? एक विज्ञानाचा, एक पैशाचा किंवा कायद्याचा, एक कलेचा, एक इतिहासाचा, एक कोणाच्या तरी कामाच्या अनुभवाचा, असं मिश्रण बरं पडतं. आणि ओळीने दोन जड विषय नकोत.

वक्ता कुठे मिळतो

जवळच मिळतो. विजेच्या खांबावर चढणारा लाइनमन, आयसीयूमधली सिनियर नर्स, भाषांतर करणाऱ्या बाई, बियाणं जपणारा शेतकरी, निवृत्त न्यायाधीश, बँकेत फसवणुकीच्या केसेस हाताळणारी ऑफिसर, या लोकांना सहसा कोणी बोलवत नाही आणि त्यांच्याकडे सांगायला भरपूर असतं. त्यांना भाषणाची सवय नसेल तर व्याख्यान न ठेवता मुलाखत ठेवा, तुमच्यातलाच एक जण तयारी करून प्रश्न विचारेल, माणूस खुलतो. ज्याला ज्ञान आहे त्याला बोलता येतंच असं नाही, त्यामुळे आधी एकदा ऐका, एखादा व्हिडिओ बघा, किंवा मघाशी म्हटलं त्या फोनवर लक्ष द्या, फोनवर जो तुमचा प्रश्न ऐकून न घेता वीस मिनिटं बोलतो तो स्टेजवर दीड तास बोलणार हे धरून चाला.

एक सापळा आहे. गुंतवणुकीवर बोलायला आलेला माणूस शेवटी पॉलिसी विकतो, डॉक्टर स्वतःच्या क्लिनिकची पत्रकं वाटतो. हे एकदा झालं की लोक पुढच्या वेळी संशयाने येतात किंवा येतच नाहीत, म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगायचं, विक्री नाही, पत्रकं नाहीत, पक्षाचा प्रचार नाही. लेखकाची पुस्तकं कार्यक्रम संपल्यावर दाराबाहेर ठेवायला माझी हरकत नाही, ते वेगळं.

होकार तोंडी आला तरी सगळं लेखी पाठवा. साधारण असं:

"नमस्कार मॅडम, फोनवर बोलल्याप्रमाणे शनिवारी संध्याकाळी ६ वाजता आपलं व्याख्यान नक्की करत आहोत. विषय: झोप कमी झाली की मेंदूचं काय होतं? वेळ ४५ मिनिटं, नंतर २० मिनिटं प्रश्नोत्तरं. श्रोते साधारण साठ, वय पंधरापासून सत्तरपर्यंत, विषयाची काही पार्श्वभूमी नसलेले. प्रोजेक्टर आणि हातातला माइक आहे. प्रवासखर्च आम्ही देऊ, मानधन मात्र देऊ शकत नाही. रेकॉर्डिंग केलं तर चालेल का, आणि ते यूट्यूबवर टाकलं तर चालेल का, हे दोन्ही वेगवेगळं कळवा. प्रेझेंटेशन असेल तर गुरुवारपर्यंत पाठवाल का?"

यात तारीख, हॉलचा पत्ता आणि तुमचा नंबर घाला की झालं. मानधनाचं आधीच लिहायचं, देणार असाल तर रक्कम, नसाल तर नाही म्हणून, लाजून गप्प बसलात की कार्यक्रमानंतर दोघांचीही पंचाईत होते. प्रवासखर्च तरी नक्की द्या. मग एक महिना आधी, एक आठवडा आधी आणि आदल्या दिवशी एकेक आठवण, वक्ता कितीही जवळचा असला तरी.

हॉल लहानच घ्या

साठ माणसं शंभर खुर्च्यांच्या खोलीत बसली की कार्यक्रम जमलाय असं वाटतं, तीच साठ माणसं चारशेच्या सभागृहात बसली की सगळे मागच्या रांगेत जातात आणि वक्त्याचा चेहरा पडतो. खुर्च्या आधी कमीच मांडा, बाकीच्या बाजूला रचून ठेवा, लागल्या की काढा. जिना किती आहे, व्हीलचेअर जाईल का, स्वच्छतागृह उघडं आहे का, हे स्वतः जाऊन बघा.

आवाजाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि कार्यक्रम सगळ्यात जास्त तिथेच फसतो. माइक टेस्ट म्हणजे "हॅलो, वन टू थ्री" नव्हे. एकाला स्टेजवर पेपर वाचायला लावा आणि तुम्ही शेवटच्या रांगेत पंखे चालू करून बसा. कॉलर माइक असेल तर तो ओढणीला किंवा गळ्यातल्या माळेला घासतोय का बघा, ती खरखर तासभर सहन होत नाही. प्रश्नांसाठी दुसरा, हातातला माइक हवाच, आणि तो फिरवणारा माणूस ठरलेला हवा.

आता फॉन्ट. वक्त्याने घरी मराठीत सुंदर स्लाइड्स केलेल्या असतात, त्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात, आणि तुमच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसतो. मग "झोपेचे टप्पे" च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी दिसते आणि ते कळतं सहाला दोन मिनिटं कमी असताना. म्हणून गुरुवारी फाइल मागवायची, शिवाय तिची पीडीएफही मागवायची, आणि दोन्ही त्याच प्रोजेक्टरवर उघडून बघायच्या. व्हिडिओ असेल तर त्याचा आवाज स्पीकरमधून येतोय ना तेही.

लोकांना कळवणं

पोस्टरवर प्रश्न, वार, तारीख, वेळ, जागा, वक्त्याची एका ओळीत ओळख आणि "प्रवेश मोफत", बस. आयोजकांचे बारा फोटो नकोत, मोबाइलवर त्यांच्या खाली वेळ वाचताच येत नाही. व्हॉट्सॲपवर दहा दिवस आधी, दोन दिवस आधी आणि त्या दिवशी सकाळी, तीनदा पुरे. फॉरवर्ड केलेल्या पोस्टरपेक्षा "मी जाणार आहे, येतेस का?" असा एकेकाला केलेला मेसेज जास्त माणसं आणतो. वाचनालयाच्या आणि दवाखान्याच्या बोर्डावर कागदी पोस्टरही लावा, फोन न बघणारे लोक तिथे बघतात.

त्या संध्याकाळी

सहा म्हणजे सहा. दहा माणसं असली तरी सुरू करा. "अजून पाच मिनिटं थांबू" म्हटलं की वेळेवर आलेल्यांना शिक्षा होते आणि पुढच्या वेळी तेही सव्वासहाला येतात. प्रास्ताविक दोन मिनिटांत संपवा, भाषणाआधीची भाषणं कोणालाही नको असतात. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत शास्त्रज्ञ मायकल फॅरडेने सुरू केलेली शुक्रवारची व्याख्यानं आहेत, तिथे परंपरेने वक्ता आत येतो आणि ओळखबिळख न करता थेट विषयालाच सुरुवात करतो. इतकं कडक जमणार नाही, पण अध्यक्षीय समारोप तरी वगळाच.

वेळ आटोक्यात ठेवायला १०, ५ आणि १ असे मोठे आकडे लिहिलेले कागद घेऊन पहिल्या रांगेत एकाला बसवा आणि हे वक्त्याला आधी सांगून ठेवा, मग अपमान वाटत नाही. ४५ मिनिटं कमी वाटतायत? इंटरनेटवर गाजलेली टेड परिषदेतली भाषणं जास्तीत जास्त १८ मिनिटांत संपतात. आणि हंगामात एक संध्याकाळ स्वतःच्याच सभासदांना द्यायची असेल तर २००३ मध्ये टोकियोत सुरू झालेला पेचाकुचा प्रकार करून बघा, २० स्लाइड्स, प्रत्येकीला २० सेकंद, म्हणजे माणशी ६ मिनिटं ४० सेकंद, स्लाइड आपोआप पुढे जाते त्यामुळे कोणाला थांबवायची वेळच येत नाही.

प्रश्नोत्तरं सांभाळणं हे वेगळं काम आहे

"कोणाला काही प्रश्न?" विचारल्यावर जी शांतता पसरते तिला घाबरू नका, पण पहिला प्रश्न विचारणारा एक माणूस आधीच ठरवून ठेवा, तो उठला की बाकीचे उठतात. मध्येच चिठ्ठ्या आणि पेन्सिली फिरवा, कारण माइक हातात घेऊन उभं राहायला पुष्कळांना संकोच वाटतो, मुलांना तर फारच, आणि बऱ्याचदा सगळ्यात चांगले प्रश्न चिठ्ठीतूनच येतात.

मग ते गृहस्थ, प्रत्येक कार्यक्रमात असतात, जे "माझा प्रश्न नाही, मला दोन शब्द बोलायचे आहेत" म्हणून उठतात. माइक त्यांच्या हातात देऊ नका, फिरवणाऱ्यानेच धरायचा. अर्ध्या मिनिटाने हसून "काका, वक्त्यांना नेमकं काय विचारू?" म्हणायचं. तरी थांबले नाहीत तर "हे कार्यक्रमानंतर त्यांच्याशी निवांत बोला" आणि माइक पुढे. सूत्रसंचालकाने असं करायलाच पाहिजे, बाकीचे सगळे मनातून त्याचे आभारच मानत असतात.

ऐनवेळी वक्ता आला नाही तर

होणारच कधीतरी. त्याच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये चार्ल्स व्हीटस्टोन हा शास्त्रज्ञ व्याख्यानाआधी घाबरून पळून गेला आणि फॅरडेलाच १८४६ मध्ये आयत्या वेळी उभं राहावं लागलं, म्हणून रॉयल इन्स्टिट्यूशनवाले तेव्हापासून वक्त्याला आधी खोलीत बंद करून ठेवतात असा किस्सा सांगतात. तुम्ही कुलूप लावू नका, पण तुमचा फॅरडे तयार ठेवा. समितीतलाच किंवा ओळखीतला एक जण, ज्याच्याकडे अर्ध्या तासाचा एक विषय आणि स्लाइड्स कायम तयार आहेत. कार्यक्रम रद्द करण्यापेक्षा बदली वक्ता केव्हाही चांगला, आणि बदल झालाय हे दारातच सांगा, बसल्यावर नको.

नंतरची कामं

दुसऱ्या दिवशी वक्त्याला आभाराचा मेसेज आणि दोन चांगले फोटो. किती माणसं आली ते व्याख्यानाच्या मध्यावर मोजून वहीत लिहा, अंदाजे नको, आपला अंदाज नेहमी जास्तीचाच असतो. फीडबॅकचा लांबलचक फॉर्म कोणी भरत नाही, जाताना दोनच गोष्टी विचारा: कुठे कंटाळा आला, आणि पुढे कशावर ऐकायला आवडेल. खर्चाचा हिशेब ग्रुपवर टाका, रक्कम कितीही छोटी असो.

आणि प्रत्येक वक्त्याबद्दल चार ओळी एका फाइलमध्ये लिहून ठेवा, वेळ पाळली का, मुलाखतीत जास्त खुलले असते का, लोकांनी काय विचारलं, परत बोलवायचं का. सहाव्या व्याख्यानाच्या आधीच पुढच्या हंगामासाठी हॉल बुक करा, म्हणजे त्या संध्याकाळी लोक उठायच्या आत पहिली तारीख माइकवरून सांगता येते.