नवख्याला विकिपीडिया शिकवायचाय? आधी एक वाक्य, एक संदर्भ

नवा माणूस मराठी विकिपीडियावर आला की त्याची पहिली मागणी ठरलेली असते: "आमच्या गावाचं पान करायचंय." शिकवणारा भिडेखातर होकार देतो आणि तिथेच गाडी फसते. नव्या पानाला शीर्षक, वर्ग, माहितीचौकट, संदर्भ असं सगळं एकदम लागतं. गावाबद्दल छापील काही हाताशी नसतं, मग "येथील लोक कष्टाळू व धार्मिक वृत्तीचे आहेत" अशी वाक्यं येतात. कोणीतरी पान वगळायची सूचना लावतं आणि तो माणूस पुन्हा फिरकत नाही. म्हणून पहिल्या बैठकीत गावाचं नवं पान नको, स्वतःची संस्था नको, काकांचं चरित्र तर मुळीच नको. आधीपासून असलेल्या पानातलं एक वाक्य नीट करायचं आणि त्याला एक संदर्भ द्यायचा, एवढंच काम.

खातं

माणसाच्या नावाने किंवा टोपणनावाने उघडा, संस्थेच्या नावाने नको. एका खात्यावर एकच माणूस. कॉलेजात वर्ग भरवणार असाल तर हे आधी वाचा: एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. सातव्या मुलाला अडतं आणि सगळा तास त्यातच जातो. खाती आदल्या दिवशी घरून उघडून यायला सांगा, नाहीतर ज्याने त्याने आपापल्या मोबाइल डेटावर उघडावीत.

टायपिंग

फोनवर रोजचा मराठी कीबोर्ड चालतो. संगणकावर लिहायच्या चौकटीत कीबोर्डाचं छोटं चित्र दिसतं. त्यातून लिप्यंतरण (इंग्रजी अक्षरांनी मराठी टंकायची पद्धत) किंवा इनस्क्रिप्ट (मराठी कळफलक) निवडा. कंट्रोल आणि एम एकत्र दाबलं की मराठी चालू-बंद होतं. निवृत्त शिक्षक आणि डीटीपी केलेली मंडळी मात्र श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर घेऊन येतात. तो चिकटवला की पानावर इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. आधी युनिकोडात बदलून घ्या, आणि बदलल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. या दोन गोष्टी हमखास सरकतात.

धूळपाटी

धूळपाटी म्हणजे सरावाचं पान. तिथे दहा मिनिटं, जास्त नाही. दृश्य संपादकात (पान जसं दिसतं तसंच त्यात बदलता येतं) एक शब्द ठळक करायला लावा, एक दुवा द्यायला लावा, जतन करा. मग 'इतिहास' उघडून आधीची आवृत्ती तशीच शाबूत असल्याचं दाखवा, "माझ्याकडून काही बिघडलं तर?" हा प्रश्न तिथेच संपतो. पहिल्याच दिवशी विकिपीडियाच्या संकेतखुणांमधले चौकोनी कंस आणि महिरपी कंस पाठ करून घेणारे शिक्षक माणसं पळवून लावतात.

संदर्भ: खरी अडचण इथे आहे

बहुतेक जण इथे बटण कुठे आहे ते दाखवून मोकळे होतात. बटण सोपं आहे. कर्सर वाक्याच्या पूर्णविरामानंतर ठेवायचा, वरच्या पट्टीतलं अवतरणचिन्हाचं बटण दाबायचं, दुवा चिकटवायचा, झालं. अवघड आहे ते त्याच्या आधीचं: चिकटवलेला दुवा हे वाक्य खरंच म्हणतो का?

समजा पानात असं वाक्य आहे: "जळगाव जिल्हा केळीसाठी जगप्रसिद्ध असून येथील केळी व वांगी उत्कृष्ट दर्जाची आहेत." नवखा केळीच्या भावाची एक बातमी शोधतो आणि शेवटी लावून देतो. बातमीत केळी आहे, जळगाव आहे, पण 'जगप्रसिद्ध' नाही, 'उत्कृष्ट' नाही आणि वांग्याचं तर नावही नाही. असा संदर्भ नसलेला बरा, कारण वाचणाऱ्याला वाटतं की तपासलेलं आहे. शिकवताना एकच नियम ठेवा: बोट ठेव. स्रोतातल्या ज्या ओळीत ही गोष्ट लिहिली आहे, तिच्यावर नवख्याने बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं नाही, तर संदर्भ द्यायचा नाही. या नियमाने वरचं वाक्य चाळलं तर विशेषणं गळून पडतात आणि उरतं ते असं: "जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले." पुढे, वेगळ्या वाक्यात: "जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही २०१६ मध्ये हे मानांकन मिळाले." दोन वाक्यं, दोन संदर्भ. दोन्ही एकात गुंफून शेवटी फक्त केळीची बातमी लावली तर वांगी उघड्यावर पडतात.

दुसरा सापळा उलट्या चोरीचा. स्पर्धा परीक्षेच्या नोट्स देणारी कितीतरी संकेतस्थळं जिल्ह्यांची माहिती विकिपीडियावरूनच उचलतात. नवखा तीच शोधून आणतो आणि विकिपीडियाला विकिपीडियाचाच पुरावा देतो. ओळखायची खूण सोपी आहे: शब्दरचना हुबेहूब जुळते, पानातली शुद्धलेखनाची चूकसुद्धा जुळते. शंका आली तर पानाच्या इतिहासात ते वाक्य कधी आलं ते पाहा आणि संकेतस्थळाची तारीख त्याच्याशी ताडून बघा.

तिसरा सापळा खास आपल्याकडचा. खानदेशाच्या सीमा बदलत गेल्या आहेत आणि जुना स्रोत कोणत्या सीमेबद्दल बोलतो, हे कोणी पाहत नाही. १८८० च्या गॅझेटियरचा खानदेश खंड हा चांगला स्रोत आहे, पण त्यातला 'खानदेश जिल्हा' अखंड आहे. पूर्व (आजचा जळगाव) आणि पश्चिम (आजचे धुळे-नंदुरबार) अशी फाळणी १९०६ मधली. त्यामुळे त्यातला आकडा उचलून जळगाव जिल्ह्याच्या पानात टाकणं सरळ चूक आहे. तसंच धुळ्याचं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. १९९१ च्या जनगणनेतल्या धुळे जिल्ह्यात नंदुरबार, शहादा, अक्कलकुवा सगळं येतं. २००१ च्या जनगणनेत येत नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवून नवखा बिनदिक्कत लिहितो, "दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या घटली." दोन्ही स्रोत खरे, दोन्हींवर बोट ठेवता येतं, तरी वाक्य खोटं. म्हणून आकडा असेल तिथे दुसरा प्रश्न विचारायचाच: हा आकडा कोणत्या साली काढला आणि तेव्हा जिल्ह्याची हद्द कुठवर होती?

चौथी गोष्ट नकलेची. "संदर्भ दिलाय ना, मग दोन परिच्छेद उचलले तर काय झालं?" हे ऐकायची तयारी ठेवा. संदर्भ दिल्याने नक्कल माफ होत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत लेखनावर हक्क राहतो, आणि विकिपीडियावर टाकलेला मजकूर कोणालाही वापरायला, अगदी विकायलाही, मोकळा असतो. दुसऱ्याचा माल तुम्ही असा परस्पर वाटू शकत नाही. "स्वतःच्या शब्दांत लिही" एवढं सांगून मात्र काही होत नाही. मूळ लेख समोर उघडा असला की माणूस 'आहे' च्या जागी 'असून' घालतो आणि त्याला स्वतःचे शब्द समजतो.

त्यावर आपल्या भागात एक फार सोपा उपाय आहे. लेख वाचू द्या, मग पान बंद करायला लावा आणि अहिराणीत विचारा: "सांग, तठे काय लिखेल शे?" (तिथे काय लिहिलंय?) तो अहिराणीत सांगेल. तेच आता प्रमाण मराठीत लिहायला लावा. वर्तमानपत्री वाक्याची घडी अहिराणीत टिकत नाही, त्यामुळे मराठीत परतताना वाक्य त्याचं स्वतःचं होऊन येतं. घरी तावडी किंवा लेवा या बोली बोलत असतील तर त्यातून करा, फरक पडत नाही. लिहून झाल्यावरच मूळ लेख पुन्हा उघडायचा, तोही फक्त नावं आणि साल तपासायला.

शेवटी बटणाकडे या. दुवा चिकटवल्यावर रकाने आपोआप भरतात, आणि ते आंधळेपणाने स्वीकारायचे नाहीत. मराठी बातम्यांच्या बाबतीत लेखकाच्या जागी 'ऑनलाइन टीम' येतं, शीर्षकाच्या शेपटीला संकेतस्थळाचं नाव लटकतं, तारीख रिकामी राहते. शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनाची तारीख आणि पाहिल्याची तारीख हे चार रकाने हाताने तपासा. पुस्तक असेल तर पृष्ठ क्रमांक हवाच. चारशे पानांच्या पुस्तकाचं नुसतं नाव म्हणजे बोट ठेवायला जागाच नाही. बातम्यांचे दुवे पटकन मरतात, म्हणून दुवा वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती साठवणारं संकेतस्थळ) जतन करून ठेवायची सवय आत्ताच लावा.

जतन आणि नंतर

सारांशाच्या चौकटीत काय केलं ते चार शब्दांत लिहा: "मानांकनाचे वर्ष, संदर्भ जोडला." बदल कोणी उलटवला तर तोच बदल पुन्हा चढवायचा नाही. चर्चापानावर जाऊन कारण विचारायचं, शेवटी चार टिल्डे (~~~~) देऊन सही करायची. नवख्याला उलटवणं म्हणजे अपमान वाटतो, म्हणून पहिल्यांदा तसं झालं की शेजारी बसा आणि प्रश्न त्याच्याकडूनच लिहून घ्या. आणि वीस मुलांना एकाच पानावर एकाच वेळी बसवू नका. बदल एकमेकांवर आदळतात. प्रत्येकाला वेगळं पान द्या.

फोटो टाकायचा असेल तर स्वतः काढलेलाच, आणि थेट फोनमधून कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रसंग्रहावर. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला नको: तो दबतो, त्यातली कॅमेऱ्याची माहिती पुसली जाते आणि मग तो तुमचाच आहे हे पटवणं जड जातं. बहिणाबाईंची आख्खी कविता पानात टाकायचा मोह झाला तर त्याची जागा विकिस्रोत (मूळ साहित्य ठेवायचा सहप्रकल्प) आहे, विकिपीडिया नाही.

आणि गावाचं पान?

असे पंधरा-वीस बदल टिकले की मग. आधी शोधा, कारण गावाचं पान बऱ्याचदा असतंच, दोन ओळींचं. शोधताना नावाची सगळी रूपं टाकून बघा: असोदा आणि असोदे, यावल आणि यावलं. पान सापडलं तर नवं करू नका, त्यातच संदर्भासह भर घाला. खरोखरच नसेल तर धूळपाटीवर पाच वाक्यं लिहा, प्रत्येकाला संदर्भ द्या आणि चावडीवर (सगळ्या संपादकांच्या चर्चेचं पान) कोणालातरी नजर टाकायला सांगा. नव्या खात्याला काही दिवस पान हलवता येत नाही, तेव्हा धूळपाटीवरून मुख्य जागी नेण्याची विनंतीही तिथेच करा.