तरुण मुलींची आध्यात्मिक सोबत: नव्या धर्मभगिनींसाठी काही अनुभव

नोव्हिशिएट (व्रतांपूर्वीचा प्रशिक्षणकाळ) संपवून, पहिली व्रते घेऊन मिशन केंद्रावर आलेल्या धर्मभगिनीला बहुधा पहिल्याच महिन्यात सांगितले जाते, "सिस्टर, तुम्ही तरुण आहात, युवकांचे तुम्हीच बघा." या एका वाक्यात युवा संघटनेच्या बैठका, गायनमंडळ, सुट्टीतील शिबिरे आणि आध्यात्मिक सोबत, म्हणजे एकेकीला भेटून तिच्या प्रार्थनेविषयी आणि आयुष्याविषयी ऐकणे, असे सगळेच येते. पहिल्या तीन गोष्टी करता करता शिकता येतात. चौथी तशी शिकता येत नाही, तिच्यासाठी वेगळी तयारी लागते, असे माझे स्पष्ट मत आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका वसतिगृहात मी हे काम शिकत गेले, आणि आजही एखादी मुलगी "सिस्टर, थोडा वेळ आहे का?" असे विचारत दारात उभी राहिली की पोटात गोळा येतो. तुमच्याही येईल. त्याने घाबरून जाऊ नका.

२०१८ ची युवकांविषयीची सिनड (बिशपांची सभा) आणि त्यानंतर २५ मार्च २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी स्वाक्षरी केलेले 'ख्रिस्तुस व्हिव्हिट' हे तरुणांविषयीचे पत्र तुम्ही वाचलेलेच असेल, त्यामुळे त्याचा सारांश देत नाही. फक्त आपल्याला कसा सोबती हवा, याविषयी तरुणांनी जे सांगितले तो भाग पुन्हा काढून वाचा. त्यांना निर्दोष सिस्टर नको आहे. आपणही चुकतो, आपल्यालाही क्षमेची गरज आहे, हे जाणणारी आणि त्यांना आपल्या मागे न ओढता त्यांच्या बरोबरीने चालणारी व्यक्ती त्यांना हवी आहे. एवढे तर आपल्यापैकी बहुतेकींना जमण्यासारखे आहे.

मी जिथे अडकले, तो मुद्दा मात्र सविस्तर सांगते, कारण प्रशिक्षणात त्यावर फार थोडे बोलले जाते. आपल्या छोट्या केंद्रांवर एकच सिस्टर वसतिगृहाची वॉर्डन असते, धर्मशिक्षण तीच देते, सुट्टीला घरी जाण्याच्या अर्जावर सही तिचीच असते, पुष्कळदा ती आपल्या धर्मभगिनी संघाची व्हॉकेशन प्रमोटरही (संघात येऊ पाहणाऱ्या मुलींना वाट दाखवणारी) असते, आणि वर आध्यात्मिक सोबतही तिनेच करायची असते. रात्री मोबाईल जमा करून घेणाऱ्या सिस्टरला मुलगी सकाळी आपल्या मनातले खरे कसे सांगणार? ती सांगते, पण तुम्हाला आवडेल तेच सांगते. प्रार्थना चांगली होते, मन शांत आहे, सिस्टर व्हावेसे वाटते, हे सगळे मी आनंदाने ऐकत असे आणि त्याला यश समजत असे. पुढे एक मुलगी दुसऱ्या गावी नर्सिंगला गेली आणि तेथील एका धर्मभगिनीशी अगदी निराळे बोलू लागली, तेव्हा माझे डोळे उघडले. ती माझ्याशी खोटे बोलत नव्हती. माझ्या हातात तिच्या सुट्टीचा अर्ज होता, एवढेच.

चर्चला हा धोका जुनाच ठाऊक आहे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ६३० वा नियम सुपिरिअरला (संघाच्या प्रमुखाला) आपल्या सदस्यांकडून त्यांचे अंतःकरण उघड करून घेण्यासाठी कोणत्याही प्रकारे भरीस घालण्यास मनाई करतो, आणि २४० व्या नियमानुसार सेमिनरीतील (धर्मगुरूंच्या प्रशिक्षण संस्थेतील) उमेदवाराला दीक्षा द्यायची की काढून टाकायचे, हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे मत विचारताच येत नाही. हे नियम वसतिगृहातील मुलींसाठी लिहिलेले नाहीत, हे खरे, परंतु त्यामागचे कारण त्यांनाही लागू पडते: जिच्या हातात अधिकार आहे, तिच्यापुढे मन मोकळे होत नाही, आणि झालेच तर ते तिच्याकडे सुरक्षित राहीलच असे नाही. म्हणून शिस्तीचे काम तुमच्याकडे असेल, तर त्याच मुलींची आध्यात्मिक सोबत स्वीकारू नका. सुपिरिअरला नम्रपणे, पण लेखी कळवा.

व्हॉकेशन प्रमोटरचे काम करणाऱ्यांना तर हे दुपटीने सांगावेसे वाटते. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी 'आध्यात्मिक साधने' या पुस्तकाच्या पंधराव्या सूचनेत साधना देणाऱ्याला बजावले आहे की, त्याने साधकाला व्रतांकडेही झुकवू नये आणि त्याविरुद्धही झुकवू नये. तराजूच्या काट्याप्रमाणे मधोमध राहून, देवाला त्याच्या लेकराशी थेट बोलू द्यावे. बारावी झालेल्या मुलीच्या हातात आपल्या संघाची माहितीपत्रिका देऊन "प्रार्थना करून ठरव" असे म्हणणे म्हणजे मधोमध राहणे नव्हे.

कौशल्यांपैकी संवादनोंद, म्हणजे व्हर्बॅटिम, मला सर्वांत उपयोगी वाटते. भेट झाल्यावर त्याच दिवशी वहीत तीन रकाने आखावेत: ती काय बोलली, मी काय बोलले, आणि त्या क्षणी माझ्या आत काय चालले होते. मुलीचे नाव लिहू नये. माझ्या एका नोंदीत पहिल्या रकान्यात होते, "सिस्टर, मला प्रार्थनाच करावीशी वाटत नाही." दुसऱ्यात, "असे होते, करत राहायचे." तिसऱ्यात, "दहा मिनिटांत जेवणाची घंटा." माझ्या मार्गदर्शिकेने फक्त तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवले. मी दिलेले उत्तर शिकवणुकीच्या दृष्टीने बरोबरच होते, पण ते घंटेसाठी दिलेले होते. "कधीपासून?" एवढे विचारले असते, तर कदाचित घरी काय झाले ते कळले असते.

याच ठिकाणी एक कठोर इशारा. मनाची शुष्कता आणि नैराश्याचा आजार यांत गल्लत करू नका. झोप आणि भूक उडाली, जगण्याचा कंटाळा बोलण्यात येऊ लागला, तर नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुचवून थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लावून ठेवा. आणि "मी कुणालाच सांगणार नाही" असे वचन कधीही देऊ नका. पापनिवेदनाची मोहर (ऐकलेले कुणालाही न सांगण्याचे बंधन) फादरांना बांधते, आपली भेट म्हणजे पापनिवेदन नव्हे. अठरा वर्षांखालील मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले, तर पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. संघाची बदनामी, फादरांची अडचण, मुलीचे लग्न, यांपैकी कोणतेही कारण चालत नाही. पहिल्याच भेटीत ही मर्यादा मुलीला साध्या शब्दांत सांगून ठेवावी. माझ्या अनुभवात मुली त्यामुळे दूर जात नाहीत.

आमच्या भागात आणखी एक प्रश्न वारंवार येतो, ज्याची तयारी कोणताही अभ्यासक्रम करून देत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती हिंदू, शीख आणि बौद्धांपुरत्या आहेत. त्यामुळे कित्येक दलित ख्रिस्ती घरांत मुलगी रविवारी मिस्साला येते, हरेगावला मतमाउलीच्या (पवित्र मरियेच्या) यात्रेला जाते आणि शिष्यवृत्तीच्या अर्जावर निराळा धर्म लिहिते. "सिस्टर, मी येशूला नाकारले का?" या तिच्या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देणाऱ्या सिस्टरच्या स्वतःच्या शिक्षणाचा खर्च बहुधा संघाने केलेला असतो. इथे आधी ऐकावे, आणि पुष्कळ वेळ ऐकतच राहावे.

दोन दिवसांची कार्यशाळा आणि प्रमाणपत्र यांवर माझा फारसा विश्वास नाही, आणि एनिअग्रामचा (नऊ स्वभावप्रकारांच्या पद्धतीचा) अंक विचारून मुलीचा स्वभाव सांगणाऱ्यांवर तर मुळीच नाही. जिची स्वतःची नियमित आध्यात्मिक सोबत कुणी करत नाही, तिने दुसरीची करू नये. मार्गदर्शिका पदवीधरच असली पाहिजे, असेही नाही. स्वयंपाकघर सांभाळणारी, कमी बोलणारी एखादी वयस्कर सिस्टर पुष्कळदा अधिक उपयोगी पडते, फक्त ती ऐकलेले जेवणाच्या टेबलावर बोलत नाही, याची आधी खात्री करून घ्या.

मनुष्यबळ नाही, ही अडचण खरी आहे. आम्ही त्यावर शेजारच्या दुसऱ्या संघाशी अदलाबदल केली: त्यांच्या एक सिस्टर महिन्यातून एका शनिवारी आमच्या मुलींना भेटतात आणि मी त्यांच्या मुलींना. खर्च एसटीच्या तिकिटाचा. मुली त्यांच्या संघात गेल्या तर काय, असा आक्षेप आमच्याकडे निघालाच. गेल्या तर गेल्या, असे मी म्हटले, आणि पुढच्या शनिवारची वेळ ठरवली.